ढोलकी उंबऱ्यापर्यंत पोचेना

परवा फोनवर तुम्ही दोघं भांडत होतात. स्पीकर घरी येऊन तीन आठवडे झाले, पण ते जोडायची वायर अजून ठरत नाही, आणि तोवर दादाने त्यांच्यावर मोजे वाळत घातलेत, अशी धाकटीची तक्रार. दादाचं म्हणणं, वायर चुकली तर सगळंच चुकलं. मी हसले, त्याचा त्याला राग आला. इतक्या लांबूनही ते कळलं मला. पण बाळा, मी तुला हसले नाही. हे दुखणं तुझ्याकडे तुझ्या आजोबांकडून आलंय, आणि ते त्यांना जडलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. त्या वेळी काय झालं ते एकदा नीट, पहिल्यापासून लिहून ठेवते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही येलदरीला राहत होतो. धरणाच्या वीजघरात तुमचे आजोबा इंजिनिअर होते आणि वसाहतीतल्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते. तुमची आई तेव्हा दोन वर्षांची. तिला सांभाळायला माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, वालूरहून येऊन राहिल्या होत्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणत असे. आत्याबाई घरात होत्या म्हणून मी शाळेत जाऊ शकत होते. वसाहतीत दुसरं कोणी लेकरू सांभाळणारं नव्हतं, आणि आमच्या क्वार्टरच्या मागच्या फाटकापासून पन्नास पावलांवर कालवा वाहत होता.

माझी शिस्त तुम्हाला माहीत आहे. तेव्हा ती आणखी तरुण होती. स्वयंपाकघरातले मसाल्याचे डबे मी इंग्रजी नावांच्या अक्षरक्रमाने लावले होते, वर चिठ्ठ्या चिकटवून. आत्याबाईंना मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं. त्या डबे मोजून काढत. हळद म्हणजे टर्मरिक, म्हणून ती फळीच्या पार शेवटाला. रोज फोडणीच्या वेळी त्या लांब हात करत आणि म्हणत, "हळद लय लांब दिली गं पोरी. सासरी दिल्यावानी." मी हसून सोडून देई. क्रम म्हणजे क्रम.

तुमच्या आजोबांना रेकॉर्ड ऐकायचा नाद होता. नुसता रेडिओ त्यांना पुरेना. त्यांनी सुटे भाग मागवून, पुस्तकात बघून, एक अ‍ॅम्प्लिफायर स्वतः जोडला. जिंतूरच्या सुताराकडून सागवानी खोकी करून घेतली आणि त्यांत दोन स्पीकर बसवले. हे सगळं दोन महिन्यांत झालं. मग उरली वायर. तिला चार महिने लागले.

पहिली वायर आणली ती साधी, घरात दिव्याला लावतात तसली. डावं खोकं अ‍ॅम्प्लिफायरच्या टेबलाच्या अगदी शेजारी होतं, त्याला ती चालली. पण उजवं खोकं बैठकीच्या दुसऱ्या कोपऱ्यात. मध्ये घराचं पुढचं दार. वायर भिंतीवर चढवून, दाराच्या चौकटीवरून नेऊन, पुन्हा खाली उतरवायची. इतक्या लांब बारीक वायर नेली तर आवाज वाटेतच मरतो, हे तुमच्या आजोबांचं मत. मला ते त्यांनी कालव्याच्या भाषेत समजावलं. "कालव्याची चारी बारीक असली की टेलच्या, पार शेवटच्या शेतकऱ्याला पाणी पोचतं का? न्हाई पोचत. तसंच आहे हे."

"पण पाणी मुरतं," मी म्हटलं. "आवाज कुठे मुरणार? भिंतीत?"

"तू इंग्रजी शिकव," ते म्हणाले.

मग सुरू झाली वायरींची वरात. परभणीला कामाला गेले की एक तुकडा, नांदेडला गेले की दुसरा. जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या दुकानातून तांब्याची उघडी तार आली, ती आत्याबाईंनी नको म्हणून परत पाठवली, लेकराचे हात आहेत म्हणून. विहिरीवरच्या पंपाला लावतात तसली एक वायर आली, ती इतकी जाड की खोक्याच्या मागच्या स्क्रूखाली मावेना. लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकर लावणाऱ्या एका माणसालाही त्यांनी घरी आणून चहा पाजला आणि सल्ला विचारला. तो म्हणाला, "साहेब, आमी तर वायर कुटं झाडाच्या फांदीवर, कुटं रस्त्यावर टाकतो, वरून बैलगाड्या जातात. तरीबी नवरदेवाला ऐकू जातंच की." तुमच्या आजोबांना हा सल्ला फार उथळ वाटला. दुसरा चहा काही झाला नाही.

शेवटी त्यांना हवी तशी जाड, लवचीक, तांब्याची वायर मिळाली. फक्त ती एकेरी होती. जोडवायर त्या जाडीत मिळेना. म्हणून दोन एकेरी वायरी आणल्या, दोन्ही काळ्या कुळकुळीत, आणि त्या एकमेकींना पीळ देऊन जोडायचं ठरलं. ते काम आत्याबाईंनी मागून घेतलं. अंबाडीचे दोर वळण्यात त्यांचा हात वालूरमध्ये नावाजलेला होता. अंगणात त्यांनी वायरींची एका बाजूची टोकं फाटकाला अडकवली, दुसऱ्या बाजूची मांडीवर घेतली आणि असा सुरेख, सारखा पीळ घातला, की तुमचे आजोबा बघतच राहिले. "आई, कारखान्यातसुद्धा असा नसतो गं निघत."

"कारखान्याला मांडी न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

आता एक गोष्ट समजून घ्या, पुढे तिची गरज पडेल. स्पीकरला दोन वायरी जातात आणि त्यांची अदलाबदल करून चालत नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या लाल ठिपक्याची वायर खोक्याच्याही लाल ठिपक्यालाच लागली पाहिजे. पण आमच्या दोन्ही वायरी काळ्या. पिळल्यावर कोणतं टोक कोणाचं, हे कसं ओळखायचं? तुमचे आजोबा वायर तपासायचं मीटर आणायला वीजघरात निघाले होते. मी म्हटलं, कशाला, मी आहे ना. शिवणाच्या डब्यातून लाल दोरा काढला, एका टोकाशी बसून डाव्या वायरीला बांधला. मग चालत दुसऱ्या टोकाशी गेले, तिथे बसून डाव्या वायरीला बांधला. वर वहीत नोंद केली: "लाल दोरा, डावी वायर, दोन्ही टोकांना." तुमचे आजोबा कौतुकाने म्हणाले, "हिच्या हातून गेलं म्हणजे बघायला नको." आणि त्यांनी खरंच बघितलं नाही.

रविवारी सकाळी पहिली रेकॉर्ड लागली. ती आत्याबाईंसाठी मुद्दाम आणलेली होती, जयंतीच्या गाण्यांची. पुढे एक बाई गाते, मागे कोरस, आणि खाली ढोलकी. तुमचे पणजोबा गावच्या गायनपार्टीत ढोलकी वाजवायचे. मी त्यांना पाहिलं नाही, माझ्या लग्नाआधीच ते गेले. पण आत्याबाई भाकरी थापताना मध्येच थांबून परातीच्या काठावर बोटं वाजवत, तेव्हा मला कळायचं की आता स्वयंपाकघरात कोण आलंय.

तुमचे आजोबा डाव्या खोक्याशेजारी त्यांच्या खुर्चीत बसले, हात बटणावर. मी उजव्या खोक्यापाशी माझ्या टेबलाजवळ, वह्या तपासत. आत्याबाईंना खुर्ची दिली तर त्या बसल्या नाहीत. त्यांची जागा ठरलेली होती. बैठकीतून मधल्या खोलीत जायच्या दाराशी, उंबऱ्याच्या अलीकडे, घोंगडी टाकून. तिथून त्यांना पुढे पाहुणे दिसत आणि मागे फाटक दिसे. दोन्ही खोकी त्यांच्या समोर होती, एक डाव्या हाताला, एक उजव्या, आणि त्या बरोबर मध्ये.

गाणं संपलं. तुमच्या आजोबांचा चेहरा उजळला होता. "ढोलकी काय बोलतीय बघ! वायरीचा गुण आहे हा."

"हो, छान," मी म्हटलं. खरंच छान होती.

आत्याबाई म्हणाल्या, "बरी हाय." आणि उठून गेल्या.

चार दिवस त्या रोज ते गाणं लावायला सांगत, घोंगडीवर बसून मान पुढे काढून ऐकत, आणि काही न बोलता उठत. पाचव्या दिवशी भाजी निवडताना मला म्हणाल्या, "पोरी, त्या गान्यात ढोलकी हाय का गं?"

"आहे ना, आत्याबाई. सुरुवातीपासून आहे."

"मला येईना ऐकू." त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "बाई गायलीय ती बी लांबून. विहिरीत उतरून गायल्यावानी. अन् ढोलकी तर न्हाईच."

मी तुमच्या आजोबांना सांगितलं. त्यांनी आवाज वाढवला. बाईचा आवाज वाढला, शेजारच्या क्वार्टरचा कुत्रा भुंकला, पण आत्याबाईंनी मान हलवली. ढोलकी नाही. आणखी वाढवला. तरी नाही. तुमचे आजोबा कपाळावर हात ठेवून म्हणाले, "वायर अजून थोडी जाड पाहिजे होती."

"लेका," आत्याबाई म्हणाल्या, "तुला ऐकू यायलंय, हिला ऐकू यायलंय. वायर माझ्या कानापसून तुटली. माझ्या मायचं बी असंच झालं. आदी ढोलकी गेली, मग कोंबडा गेला, मग मानसं."

त्या हे हसत बोलल्या, पण त्या दिवसापासून त्या तुमच्या आईला कडेवरून खाली ठेवीनात. अंगणात खेळायला सोडीनात. दोन दिवसांनी संध्याकाळी मी शाळेतून आले तर त्यांचं गाठोडं बांधलेलं. तेसुद्धा कशाने, तर उरलेल्या जाड काळ्या वायरीने.

"गुरुवारच्या गाडीनं जाते. जिंतूरला बदलीन, सेलूला बदलीन."

"आत्याबाई, असं काय अचानक?"

"अचानक न्हाई. कालव्याच्या काठावर लेकरू सांभाळायचं अन् बाई बहिरी? ते मागून हाक मारील अन् मी हितं मेथी निवडत बसन. न्हाई गं बाई. मला ते जमायचं न्हाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू शाळा सोडू नको. कुनी तरी मिळंल."

कोणी मिळणार नव्हतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं. त्या रात्री मी राजीनाम्याचा मजकूर मनात दोन वेळा लिहिला, इंग्रजीत. तुमचे आजोबा आईला परभणीच्या कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचं म्हणत होते, आणि जाता जाता आणखी जाड वायर बघायचं.

पण मला एक गोष्ट खटकत होती. मी वही काढली आणि दोन दिवस आत्याबाईंना काय काय ऐकू येतं ते लिहीत गेले. दूध उतू जायच्या आधीची सळसळ: ऐकू आली. जिंतूरची गाडी वळणावर असतानाच: ऐकू आली, मला नाही. मी स्वयंपाकघरात तोंडातल्या तोंडात म्हटलेलं "हळदीवरून किती बोलायचं ते": ऐकू आलं, उत्तरही मिळालं. तुमची आई झोपेत कुशीवर वळली: ऐकू आलं, भिंतीपलीकडून. एकूण नोंदी सतरा. ऐकू न आलेली वस्तू एकच. ढोलकी.

ही यादी मी तुमच्या आजोबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "ढोलकीचे सूर खालचे असतात. आधी खालचे सूर जात असतील." त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण असे.

बुधवार आला. गाठोडं दाराशी. तुमच्या आजोबांनी, आई जायची म्हणून, तीच रेकॉर्ड लावली. आत्याबाई नेहमीच्या जागी बसल्या, पण त्यांचं लक्ष गाण्यात नव्हतं, नातीत होतं. तुमची आई उजव्या खोक्याला पाठ टेकून बसली होती आणि खिदळत होती. खोकं थरथरलं की तिच्या पाठीला गुदगुल्या होत. ती पुढची जाळी ओरबाडायला लागली, तशा आत्याबाई उठल्या आणि तिला ओढायला खोक्यापाशी आल्या. वाकल्या. आणि वाकलेल्याच राहिल्या.

"आगं! हितं हाय की ढोलकी!"

आम्ही दोघांनी माना वर केल्या.

त्या लेकराला तिथेच सोडून डाव्या खोक्यापाशी गेल्या. "हितं बी हाय." मग आपल्या घोंगडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "हितं न्हाई." पुन्हा उजवीकडे. पुन्हा डावीकडे. पुन्हा उंबऱ्याशी. तीन फेऱ्या झाल्या. नऊवारीचा काष्टा, साठीचं वय, आणि त्या बैठकीत अशा फिरत होत्या की तुमची आई टाळ्या वाजवायला लागली.

"माझे कान फुटले न्हाईत," त्या उंबऱ्याशी थांबून म्हणाल्या. "तुमच्या खोक्यांत भांडन हाय."

"आई, खोकी कशी भांडतील?"

"जावा-जावा कशा भांडत्यात? एकीच्या घरी जा, गोड बोलती. दुसरीच्या घरी जा, ती बी गोड बोलती. दोघींच्या मदी हुबं ऱ्हा, मग कळतंय. एक हो म्हनली की दुसरी न्हाई म्हनती. मदल्याच्या पदरात काय पडतंय? काय बी न्हाई. तुमी दोघं आपापल्या जावंच्या मांडीवर बसला हाव. मदी मी एकलीच हाय."

 तुमचे आजोबा उठले, बॅटरीतला एक सेल काढला, अ‍ॅम्प्लिफायरकडून वायरी सुट्या केल्या आणि आम्हाला खोक्यांपुढे बसवलं. डाव्या खोक्याच्या वायरीच्या टोकांना त्यांनी सेल लावला. टक्. स्पीकरचा काळा कागदी पडदा बाहेर आला. मग उजव्या खोक्याच्या वायरीला, लाल दोऱ्याच्या टोकाकडे सेलचं तेच तोंड करून, तसाच लावला. टक्. पडदा आत गेला.

"एक ढकलायलं, एक वढायलं," आत्याबाई म्हणाल्या. "मी काय म्हनत व्हते?"

आजोबांनी उजव्या खोक्याचे स्क्रू सैल केले, दोन टोकांची अदलाबदल केली आणि रेकॉर्ड पहिल्यापासून लावली. आत्याबाई घोंगडीवर बसल्या. ढोलकी आली. बैठकीच्या मधोमध आली, आणि मला टेबलापाशीसुद्धा जाणवलं की इतके दिवस खोली अर्धी रिकामी होती. आत्याबाई डोळे मिटून बसल्या होत्या, बोटं जमिनीवर चालत होती. डोळे न उघडताच म्हणाल्या, "लय घाई करायलाय ह्यो. ह्यांच्यावानी न्हाई."

मग त्यांनी डोळे उघडले. "पर हे उलटं झालं कसं?"

"माझीच चूक झाली असणार," तुमचे आजोबा म्हणाले. "मीटरने बघायला पाहिजे होतं."

मला खोटं बोलायचं नव्हतं, पण गप्प राहायला हरकत नव्हती, असं मी स्वतःला पाच मिनिटं सांगितलं. वही पुढेच होती. "लाल दोरा, डावी वायर, दोन्ही टोकांना." स्वच्छ अक्षर, खाली रेघ. मग मी ती नोंद मोठ्याने वाचून दाखवली.

तुमचे आजोबा म्हणाले, "पिळलेल्या वायरीला डावं-उजवं कुठून येणार?" पण आत्याबाईंनी त्यांना थांबवलं. त्यांना त्याहून मोठी चूक दिसली होती.

"आगं, तू ह्या टोकाला बसलीस, मग तिकडं जाऊन तोंड फिरवून बसलीस न्हवं? फुगडी खेळली न्हाईस का कदी? समूरच्या पोरीचा डावा हात आपल्या उजव्या अंगाला असतोय."

औरंगाबादच्या कॉलेजात चार वर्षं शिकून मला हे कोणी सांगितलं नव्हतं. आजोबा आधी गालात हसले, मग मोठ्याने, मग त्यांना खोकला आला. "चार महिने," ते म्हणाले, "चार महिने मी वायर निवडली!"

"वायर चांगलीच हाय," आत्याबाई म्हणाल्या. "गाठोड्याला बांधली तर सुटंना."

ती खरंच सुटेना. आजोबांना पक्कड आणावी लागली. आत्याबाईंनी लुगडी बाहेर काढली, झटकली, आणि खुंटीवर परत अडकवली. गुरुवारची गाडी वळणावर आली ती त्यांनीच पहिली ऐकली, आणि तुमच्या आईला अंगणात सोडून, फाटकाची कडी घालून, फोडणीला उभ्या राहिल्या. त्यानंतर त्या अकरा वर्षं आमच्याकडे राहिल्या. कान शेवटपर्यंत शाबूत होते. माझं तोंडातल्या तोंडात बोलणं तेव्हाच कायमचं बंद झालं.

तर बाळा, वायर कोणतीही घे. लाल दोरा मी पाठवते, तोच शिवणाचा डबा अजून आहे. पण टोकं जोडून झाली की आपल्या खुर्चीतून ऐकू नकोस. धाकटीला दाराशी मधोमध बसव आणि तिला विचार. ती नाही म्हणाली तर तिच्या कानाला दोष देऊ नकोस.

आणि हो, त्या गुरुवारी मी शाळेतून आले तेव्हा मसाल्याची फळी बदललेली होती. चिठ्ठ्या तशाच होत्या, पण हळद पहिल्या जागी, चुलीच्या सगळ्यात जवळ येऊन बसली होती. मी डबे परत हलवले नाहीत. आत्याबाई फोडणी देत होत्या, आणि त्यांचा दुसरा हात परातीच्या काठावर वाजत होता.